बुधवारचं माळवी ताट

माळव्यातल्या मराठी जेवणाविषयी वाचायला पुष्कळ मिळतं, पण ते बहुतेक पंगतींविषयी. संस्थानी मेजवान्या, गोकुळाष्टमीचा प्रसाद, लग्नातल्या पुरणाच्या पोळ्या, गणपतीतलं जेवण. बुधवारी दुपारी एक वाजता, कुठलाही सण नसताना, देवासचा किंवा धारचा मराठी माणूस मित्राला घेऊन बाजारातल्या भोजनालयात बसतो तेव्हा काय मागवतो, हे फारसं कुणी टिपून ठेवलेलं नाही. मला ते पाहायचं होतं. सणाचं ताट आपण आठवून, विचारून, आजीच्या पद्धतीने वाढतो. परमुलखात ही पद्धत सैल होत नाही, उलट जास्तच काटेकोर होते. रोजचं ताट मात्र भूक, बाजार आणि शेजार मिळून ठरवतात. जवळजवळ तीनशे वर्षं एका मुलखात काढल्यावर माणसं तिथली किती होतात, ते रोजच्या ताटातच दिसेल असं मला वाटत होतं.

देवासला माझी जुनी मैत्रीण राहते. तिच्या घराण्यातले कुणी थोरल्या पातीच्या दरबारात कारकून होते. ती स्वतः शाळेत शिकवते आणि बुधवारी दुपारी मोकळी असते, म्हणून बुधवार. महाराष्ट्रातल्या वाचकाला ‘थोरली पाती’ म्हणजे काय ते सांगायला हवं. नोव्हेंबर १७२८मध्ये आजच्या धार जिल्ह्यातल्या अमझेऱ्याजवळ चिमाजीअप्पांच्या फौजेने माळव्याचा मुघल सुभेदार गिरधर बहादुर याचा पराभव केला. तो लढाईत मारला गेला आणि माळव्याची दारं मराठ्यांना उघडली. पवारांची एक शाखा धारला स्थिरावली आणि तुकोजी व जिवाजी हे दोघे भाऊ देवासला. भावांनी गाव वाटून घेतलं. पुढे त्याच एका गावात दोन संस्थानं झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती: दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार. सीमा गल्लीबोळांतून जायची. ही व्यवस्था १९४८पर्यंत चालली. त्या वर्षी दोन्ही पात्या आणि धार संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि १९५६मध्ये मध्य प्रदेशात आले.

आज देवासच्या बाजारात उभं राहिलं की पातीची सीमा कुणाला दिसत नाही. दिसते ती टेकडी. वर तुळजाभवानी आणि चामुंडा. गाव त्यांना बडी माता आणि छोटी माता म्हणतं. टेकडीच्या पायथ्यापासून बाजारात उतरणाऱ्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर, मैत्रिणीचं नेहमीचं भोजनालय. लोखंडी जिना, स्टीलचे जग, भिंतीवर हिंदीत रंगवलेली यादी. दुपारी गिऱ्हाईक कोण, ते मी नीट पाहिलं. दोन बँकवाले, मोटारीच्या सुट्या भागांचा एक दुकानदार, कारखान्याच्या निळ्या शर्टातले चौघे, आणि मंडीत सोयाबीन घालून आलेले तीन शेतकरी. त्यांची मळकी पिशवी खुर्चीच्या पायाशी टेकवलेली होती. माझ्या मैत्रिणीने यादीकडे पाहिलंही नाही. “भैया, एक सेव-टमाटर, एक कढी, रोटी गरम देते जाना.” मग माझ्याकडे वळून, “तू आमटी शोधू नकोस. आमटी घरी. इथे आपण इथलं खायचं.”

मला वाटलं होतं दाल-बाफला येईल. माळवा म्हटलं की बाहेरच्या माणसाला तोच आठवतो. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठाचे गोळे आधी हळद घातलेल्या उकळत्या पाण्यात शिजवायचे, निथळले की गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे, मग फोडून तुपात बुडवायचे. राजस्थानची बाटी थेट निखाऱ्यावर जाते. बाफला आधी पाण्यातून जातो म्हणून आतून मऊ राहतो. सोबत तुरीचं वरण, कढी, हिरवी चटणी आणि त्याच पिठाचे लाडू. मैत्रीण म्हणाली, “बुधवारी बाफले खाऊन वर्गात कोण उभं राहील? ते रविवारचं काम. जेवायचं आणि आडवं व्हायचं.” शेजारच्या टेबलावरच्या निळ्या शर्टवाल्याने हे ऐकलं आणि हिंदीत दुजोरा दिला: शिफ्टच्या दिवशी बाफला नाही. माळव्याच्या प्रत्येक पर्यटन पुस्तिकेत जो पदार्थ पहिला, तो कामाच्या दिवशी माळव्यातल्या ताटात नसतो.

मग बुधवारी काय? शेव-टोमॅटो. या भाजीपाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण ती माझ्या ओळखीची होती आणि नव्हतीही.

खानदेशात मी शेवभाजी खाल्लेली आहे. कांदा-खोबरं काळपट होईतो भाजायचं, काळ्या मसाल्यात वाटायचं, वर तेलाचा तवंग यायला हवा, रस्सा पातळ आणि झणझणीत. जाड तिखट शेव वाढताना पडते. देवासच्या भाजीत खोबरं नाही आणि काळा मसालाही नाही. तेलात जिरं आणि भरपूर हिंग, हिरवी मिरची, मग टोमॅटो. तो इतका शिजवायचा की तेल बाजूला सुटतं. किंचित गोडसर चव. शेव अगदी शेवटी, कढई उतरवताना, कारण दोन मिनिटं जास्त झाली की तिचा लगदा होतो. ताटात येईपर्यंत शेव बाहेरून भिजलेली आणि आतून अजून कुरकुरीत हवी. आचाऱ्याने मला हे खिडकीतून सांगितलं आणि लवंगेच्या शेवेचं पाकीट दाखवलं. रतलामी शेवेला भौगोलिक मानांकन आहे, पण देवास-इंदूरकडे प्रत्येक दुकानदार आपली शेव आपणच तळतो आणि भोजनालयवाला आपला शेववाला सहसा बदलत नाही.

या दोन भाज्या एकाच रस्त्यावरच्या आहेत. आग्रा-मुंबई रस्ता, ज्याला इकडे सगळे ए. बी. रोड म्हणतात, नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर करत सेंधव्याला सातपुडा ओलांडतो, इंदूरवरून देवासला येतो आणि शाजापूर, ग्वाल्हेरकडे जातो. मराठी फौजा, पेशव्यांचे कारकून, नंतर मालमोटारी, बरेचसे सातपुड्याच्या याच बाजूने चढले. धुळ्याच्या ढाब्यावर शेव काळ्या रश्शात पडते आणि देवासच्या भोजनालयात टोमॅटोत. कुठली आधीची, याचा निवाडा करायची मला गरज वाटत नाही. माझ्या मैत्रिणीच्या घरी दोन्ही होतात. तिची आई मंगळवार-बुधवारला टोमॅटोची करते आणि पाहुणे महाराष्ट्रातले असले तर गोड्या मसाल्याचा एक चमचा घालते. रेसिपीच्या पुस्तकात या चमच्याला जागा नाही. तीनशे वर्षांचा संसार मात्र त्या चमच्यात मला स्पष्ट दिसला.

पोह्यांचंही असंच. महाराष्ट्रात कांदेपोहे फोडणीत परततात, शेंगदाणे घालतात. इंदूर-देवासला पोहे वाफेवर फुलवतात, बडीशेप घालतात, वर शेव, कच्चा कांदा, जिरावण नावाचा आंबट-तिखट मसाला, आणि शेजारी जिलबी. ते सकाळचं खाणं, दुपारी कुणी मागत नाही.

कढी आली. पातळ, बेसन लावलेली, हिंगाची. त्यात मैत्रिणीने भात कालवला नाही, वाटीने प्यायली. तशी ती घरीही पिते. आम्ही बोलत होतो ते गहू आणि पाण्याबद्दल, कारण शेजारचे शेतकरी टोंकखुर्दकडचे निघाले. देवासची तहान जुनी. १९९०च्या दशकात या शहराला रेल्वेगाडीने पाणी आणावं लागलं होतं. मैत्रिणीला स्टेशनजवळच्या त्या रांगा आठवतात. जमिनीतलं पाणी कूपनलिकांनी ओढून संपवलं होतं. मग २००६मध्ये जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना आपल्याच शेताचा एक भाग तळ्यासाठी सोडायला राजी केलं. ‘रेवासागर’ नावाची ही तळी पुढे हजारोंनी झाली. पावसाळ्यात सोयाबीन आणि रब्बीला पडीक रान, अशी ज्यांची स्थिती होती त्यांच्या शेतात गहू आला. शेतकऱ्यांपैकी थोरल्याने पोळीकडे बोट दाखवून सांगितलं की तळं नव्हतं तोवर तो हाच गहू विकत घेऊन खात होता. माळव्याची काळी जमीन कठिया गव्हाची. इंदूरच्या गहू संशोधन केंद्रात तयार झालेल्या ‘मालवशक्ती’, ‘पोषण’ यांसारख्या जाती बाफल्यासाठी आणि लाडवासाठी माळव्यात नावाजलेल्या आहेत. दाणा कडक, पिवळसर, पीठ रवाळ. भोजनालयातली पोळी बहुधा दुसऱ्या, मऊ गव्हाची असते, कारण ती तव्यावर पटकन फुगावी लागते.

देवासच्या जेवणाचं एक तपशीलवार जुनं वर्णन एका इंग्रज माणसाने केलं आहे. ई. एम. फॉर्स्टर १९१२च्या नाताळात पहिल्यांदा इथे आला. थोरल्या पातीचे तुकोजीराव तिसरे यांचे शिक्षक असलेले माल्कम डार्लिंग त्याचे स्नेही, त्यांच्यामुळे. त्याला भारतीय पोशाख घालून जमिनीवर बसवलं गेलं, आणि ताटात काय काय होतं ते त्याने घरी पाठवलेल्या पत्रात लिहिलं. पुढे १९२१मध्ये तो काही महिने महाराजांचा खाजगी सचिव होता. बागा, मोटारी, पाहुण्यांचा बंगला, विजेचं घर अशी कामं त्याच्याकडे होती. त्या वर्षीची गोकुळाष्टमी त्याने पाहिली आणि तिची छाया १९२४च्या ‘अ पॅसेज टु इंडिया’च्या शेवटच्या भागात उतरली. देवासवरचं त्याचं पुस्तक १९५३मध्ये निघालं, आणि त्याचं नाव या टेकडीवरून आहे. तुकोजीरावांना तो बापूसाहेब म्हणत असे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांची लेक या घरात दिलेली होती, आणि तिचा मुलगा पुढे कोल्हापूरच्या गादीवर गेला. म्हणजे कोल्हापूर आणि देवास यांच्यात माणसांची ये-जा दोन्ही दिशांनी होती.

फॉर्स्टरची पत्रं वाचताना मला एका गोष्टीचं मनापासून कौतुक वाटतं. राजाशी त्याची खरी मैत्री होती आणि ती त्याने आयुष्यभर जपली. तुकोजीराव कर्जात बुडाले, राज्य सोडून पाँडिचेरीला गेले, १९३७मध्ये तिथेच वारले. तेव्हाही फॉर्स्टरने त्यांची बाजू सोडली नाही. मित्राबरोबर जेवताना तो पाहुण्याचा तटस्थपणा बाजूला ठेवत होता. पण त्याने टिपलेलं ताट मेजवानीचं. राजवाड्याखालच्या बाजारात धाकट्या पातीचा शिपाई आणि थोरल्या पातीचा शिपाई दुपारी कुठे बसून काय खात होते, ते त्याच्या पत्रांत येत नाही.

देवासच्या मैत्रीचा दुसरा मोठा अध्याय टेकडीच्या पायथ्याशीच घडला. जानेवारी १९४८मध्ये कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन कोरड्या हवेसाठी देवासला आले. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा कानडी मुलगा मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकून मराठी रसिकांचा झाला होता. पाचेक वर्षं त्यांना गाता येत नव्हतं. अंथरुणावरून ते ऐकत राहिले: वाटेने जाणाऱ्या बायकांची गाणी, भिक्षेकऱ्यांची भजनं, लग्नाची, पेरणीची गाणी. दरबारी गायकीचा देवासला तोटा नव्हता. उस्ताद रजब अली खां याच गावचे. कुमारांनी मात्र रोजच्या तोंडातलं उचललं. माळवी लोकधुनांतून त्यांनी पुढे राग रचले आणि १९६५मध्ये ‘अनूपरागविलास’चा पहिला भाग छापला. ‘भानुकुल’ या त्यांच्या घरी इंदूरहून येणारी मंडळी म्हणजे ‘नई दुनिया’चे संपादक राहुल बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर, ज्यांना सगळे गुरुजी म्हणत, आणि रंगकर्मी बाबा डिके. बारपुते मराठी घरातले, पण हिंदी पत्रकारितेची एक पिढी त्यांनी घडवली. माळव्यात मराठी माणसाने काय करायचं, याचं मला आवडणारं उत्तर या मित्रमंडळाच्या आयुष्यात आहे. आपलं ठेवायचं आणि इथलं तोंडभरून घ्यायचं.

आम्ही बसलो होतो तिथला निळा शर्ट नंतरच्या मराठी लाटेची खूण. १९७०च्या दशकात देवासला नोटांचा छापखाना आला, औद्योगिक वसाहत वाढली. किर्लोस्करांचा पंपांचा कारखानाही इथलाच. सांगली-पुण्याकडचे मराठी पर्यवेक्षक, तंत्रज्ञ इकडे आले. त्यांची मुलं इथल्याच शाळेत शिकली. त्या चौघांपैकी एकजण सोलापूरकडचा निघाला. डब्यात भाकरी, शेंगाचटणी असते, पण बुधवारी चौघे मिळून बाहेर जेवतात, म्हणाला. काय मागवता? शेव-टोमॅटो आणि दाल फ्राय. शेंगाचटणीची पुडी त्याने खिशातून काढून टेबलावर ठेवली होती आणि उरलेले तिघे, त्यात एक माळवी आणि एक बिहारचा, ती पोळीवर पसरून खात होते. मैत्रिणीने हक्काने हात पुढे केला आणि आम्हालाही चिमूटभर मिळाली.

दुसऱ्या दिवशी धार. इंदूरमार्गे बसने गेलो, कारण धारला जायला वर्षानुवर्षं बसच. इंदूर-दाहोद रेल्वेमार्गाची पायाभरणी २००८मध्ये झाली. तोवर आणि त्यानंतरही धारचं खाणं बसथांब्याभोवतीच वाढलं. देवासची भोजनालयं हायवेच्या आणि कारखान्याच्या वेळेवर चालतात. धारची चालतात तालुक्यांहून येणाऱ्या बसवर आणि हाटाच्या वारावर. कुक्षी, मनावर, सरदारपूरकडून भिल्ल कुटुंबं कचेरीच्या, दवाखान्याच्या कामाला येतात, दुपारी दोनपर्यंत कामं उरकतात आणि मगच जेवतात.

मैत्रिणीची आत्या धारला असते. वय ऐंशीच्या पुढे, पण जेवायला बाहेर यायचं म्हटल्यावर तयार होऊन ओसरीवर बसलेली. “घरी करते म्हटलं तर तुम्ही ऐकणार नाही,” म्हणाली, आणि लगेच, “मलाही बाहेरचंच खायचंय.” वाटेत तिने आम्हाला किल्ला दाखवला. राघोबादादांच्या आनंदीबाई आसऱ्याला इथे होत्या आणि दुसरा बाजीराव याच किल्ल्यात १७७५च्या जानेवारीत जन्मला. पुण्याच्या गादीचा शेवटचा पेशवा धारला जन्मला, हे पुण्यात फार थोड्यांना ठाऊक असतं. मग फडके स्टुडिओ. वसईचे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके, ज्यांनी गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा घडवला, ते धारला येऊन स्थायिक झाले आणि इथेच शिष्य घडवले. १९६१मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आत्याच्या बोलण्यात या सगळ्यांची नावं शेजाऱ्यांसारखी येत होती.

जेवायला तिने आम्हाला नेलं ते बसथांब्यामागच्या एका साध्या जागी. पत्र्याचं छप्पर, बाक, पुढे गोवऱ्यांची भट्टी. तिथे दाल-पानिया मिळते. हे पश्चिमेकडच्या भिल्ल मुलखातलं, अलीराजपूर-झाबुआकडून धारपर्यंत पसरलेलं अन्न. मक्याचं पीठ, पानांत दाबून निखाऱ्यात भाजलेलं. सोबत उडदाची दाट डाळ, लसणीची चटणी, कांदा. वर तूप हवं तर.

देवासच्या भोजनालयात मराठी, माळवी आणि बिहारी माणसं एका टेबलावर होती. इथे मात्र आम्ही तिघी सोडून बाकावर मराठी कुणीच नव्हतं. आत्याने ते ओळखलं. लग्न होऊन ती धारला आली तेव्हा मक्याची पानिया आपल्यासारख्यांनी खायची नसते, असं तिला सासरी सांगण्यात आलं होतं. ते गरिबाचं, रानातल्यांचं. तिच्या यजमानांना फिरतीची सरकारी नोकरी होती आणि ते गावोगावी हेच खाऊन यायचे, घरी मात्र सांगायचे नाहीत. पुढे तिने स्वतः सुईणीच्या हातची पानिया खाल्ली, बाळंतपणानंतर, सासूच्या नकळत. “मला ताकद तिनेच आली,” म्हणाली. हे सांगताना तिचा आवाज चढला. पवारांच्या धारमध्ये भिल्ल आणि मराठी शेकडो वर्षं शेजारी आहेत. शेव-टोमॅटो मराठी घरात सहज शिरला, कारण तो बाजारातून आला. पानियाला जातीचं आणि रानाचं नाव होतं, म्हणून ती चुलीच्या बाहेर राहिली. या फरकाबद्दल आम्ही जेवता जेवता बराच वेळ बोललो. मैत्रीण आत्याशी अहो-जाहो करत, पण हट्टाने विचारत राहिली: मग आता घरी का करत नाही? पानं कोण आणणार, असं आत्याचं उत्तर. तिने विषय टाळला नव्हता. पानं मिळणं ही खरीच अडचण होती.

भट्टीवर बसलेल्या बाईंनी ते ऐकलं. त्या भिलालीत बोलत होत्या, आत्या त्यांच्याशी त्याच बोलीत बोलली, आणि मग मैत्रिणीने वहीत लिहून घेतलं ते असं. पानं खाकऱ्याची, म्हणजे पळसाची, कोवळी नकोत, हाताला चामट लागतील अशी. धुऊन पुसून घ्यायची. मका यंदाचा, नुकताच वाळलेला, पीठ फार बारीक नको. कोमट पाण्यात मीठ घालून मळायचं, थोडं दही घातलं तर भेगा पडत नाहीत. गोळा एका पानावर थापायचा, वर दुसरं पान दाबायचं, हाताच्या रुंदीएवढा, बोटभर जाड. गोवऱ्या पेटून पांढऱ्या झाल्या की त्यांच्या राखेवर ठेवायचं, वरून निखारे. पान जळून करपलं की उलटायचं. पान पूर्ण काळं झालं म्हणून घाबरायचं नाही, ते सोलून टाकायचं असतं. घरात गोवऱ्या नसतील तर मातीच्या तव्यावर झाकण ठेवून होईल, पण वास येणार नाही. पानं गुरुवारी हाटाच्या दिवशी मिळतात, आधी सांगून ठेवलं तर त्या स्वतः दोन जुड्या राखून ठेवतील. आत्याने लगेच पुढच्या गुरुवारच्या दोन जुड्या सांगून ठेवल्या.